आजीचा अंगठा आणि एंड टास्क

बीड जिल्ह्यात तालुके अकरा आहेत. ‘ऑनलाइनची दुकानं’ मात्र मोजायला बसू नये. पाटीवर ‘आपले सरकार सेवा केंद्र’ असो की नुसतंच ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो’ असो, आतला संसार सारखाच असतो: एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक अंगठ्याचं यंत्र आणि एक पंखा. या चौघांपैकी एका वेळी तिघंच चालू असतात, हा त्या धंद्याचा अलिखित नियम. पीकविम्याची मुदत संपायला दोन दिवस उरले की दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर हळू होतो. हळू होणं हा कॉम्प्युटरचा जन्मसिद्ध हक्क आहे. पण चारचौघांत हळू होणं हा चालकाचा अपमान असतो. मग चालक तीन बटणं एकदम दाबतो, टास्क मॅनेजर उघडतो, आणि सीताफळातल्या बिया थुंकाव्यात तसा एकेका ओळीवर ‘एंड टास्क’ मारत सुटतो. रांगेतली एखादी मावशी विचारते, “काय करायलास रं?” तो म्हणतो, “कचरा काढायलोय मावशी. पाठीमागं लई काय काय चालू राहतंय.” मावशीचं समाधान होतं, झाडू मारणाऱ्याला आपल्याकडे कुणी अडवत नाही. पाच मिनिटांनी एका आजीचा नंबर येतो. आजी यंत्रावर अंगठा ठेवते. यंत्राचा दिवा लागत नाही. “आज्जे, अंगठा घासलाय तुमचा. जरा डोक्याला चोळा.” आजी अंगठा डोक्याला चोळते, पदराला पुसते, पुन्हा ठेवते. काही नाही. साठ वर्षं खुरप्यानं आणि कोयत्यानं घासलेला तो अंगठा आधीच बदनाम असतो, त्यामुळे आरोप लगेच चिकटतो. खरी गोष्ट एवढीच असते, की त्या यंत्राला कॉम्प्युटरशी बोलतं ठेवणारी ‘आरडी सर्व्हिस’ नावाची मुकी सेवा पाठीमागं चालत होती, आणि ती मघाशीच कचऱ्यात गेली.

हा लेख त्या अंगठ्याचं वकीलपत्र घेऊन लिहिलेला आहे. प्रस्तुत लेखकाची या विषयातली पात्रता बेताचीच. पडद्यावर ‘अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका’ अशी सूचना आली की देवळात आरती चालू असल्यासारखे जे हात जोडून उभे राहतात, त्यांच्यात त्याची गणना होते. पण वाद घालायला पात्रता लागते असा नियम मराठवाड्यात तरी कुणी ऐकलेला नाही. तर मुद्दा असा. पाठीमागं चाललेली शिळी कामं काढून टाकायला हवीत, हे सगळ्यांना मान्य. घोडं पेंड खातं ते ओळखण्यात. भाकरी शिळी झाली की हाताला कळतं, आमटी शिळी झाली की नाकाला कळतं. कॉम्प्युटरच्या पोटातलं काम शिळं झालं की नाही, हे त्याच्या तोंडाकडे बघून कळत नाही. त्यासाठी दोनच प्रश्न विचारावे लागतात: हे काम कुणी लावलं? आणि याची वाट कोण बघतंय? लावणारा निघून गेला, वाट बघणारंही कुणी उरलं नाही, तर ते शिळं. पण हे प्रश्न विचारायला तोंड लागतं आणि एंड टास्कला नुसतं बोट पुरतं. म्हणून आपण नाव, आकार, मौन आणि वय अशा चार भलत्याच खुणांवरून निकाल देतो. चारही खुणा फसव्या आहेत.

खुणांकडे वळण्याआधी या हौसेबद्दल बोललं पाहिजे, कारण सगळी गडबड तिथून सुरू होते. साफसफाईत सुख आहे. कुठल्याही बसस्थानकावर बघा, गाडीची वाट बघणारा माणूस मोबाइलमधली उघडी ॲप्स एकामागून एक अंगठ्यानं वर उडवत असतो. उडवून झाली की ‘क्लोज ऑल’ दाबतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर कर्ज फिटल्याची कळा येते. विचारलं तर म्हणतो, “बॅटरी वाचती ना भाऊ.” वाचत नाही. ॲप्स अशी मारल्यानं बॅटरी वाचते का, हा प्रश्न २०१६ साली ॲपलच्या आणि ॲन्ड्रॉइडच्या मोठ्या अधिकाऱ्यांपर्यंत गेला होता. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या या दोन गोटांकडून एकच उत्तर आलं: नाही. पाठीमागं ठेवलेलं ॲप बहुतेक वेळा झोपलेलं असतं. मेमरी कमी पडली तर फोन स्वतःच त्याला बाहेर काढतो. आपण त्याला मारतो आणि दोन मिनिटांनी पुन्हा उघडतो, तेव्हा त्याला अंथरुणातून उठण्याऐवजी नव्यानं जन्म घ्यावा लागतो, आणि जन्माला खर्च जास्त येतो. पण हे सांगून उपयोग नाही. ज्याला अंगण झाडायची सवय लागली, त्याला अंगणात कचरा नाही हे सांगणं म्हणजे त्याचा झाडू काढून घेणं.

आता पहिली खूण, नाव. गावच्या पारावर उभं राहून ‘बाळू!’ अशी हाक मारली तर चार माणसं, दोन पोरं आणि एखादा बैल वळून बघतो. यातला उधारी बुडवणारा बाळू कोणता, हे नुसत्या नावावरून ठरवता येत नाही. कॉम्प्युटरमध्ये हेच आहे, फक्त बैल नाही. विंडोजच्या यादीत ‘एसव्हीसीहोस्ट’ या एकाच नावाच्या कितीतरी ओळी दिसतात. कुणी इंटरनेट सांभाळतो, कुणी आवाज, कुणी घड्याळ. नाव सगळ्यांचं एक, जणू एकाच भावकीतले. चालकाला वाटतं, हा व्हायरस आहे, नाहीतर एवढी पिल्लं कशी? तो एकाला मारतो आणि इंटरनेट जातं. विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली असेल, तर तिच्यात नावानं मारायचे स्वतंत्र आदेशच आहेत. ‘पायथन’ नावाचं जे दिसेल ते मारा, असं सर्वाधिकार असलेल्या हातानं लिहिलं की एका पोराचा अडकलेला प्रोग्रॅम तर मरतोच, सोबत बाकीच्या सगळ्या पोरांचे न अडकलेलेही मरतात. ‘किलऑल’ या आदेशाची तर मौजच. लिनक्समध्ये त्याचा अर्थ ‘या नावाचे सगळे मारा’ असा आहे. सोलारिस नावाच्या जुन्या प्रणालीत त्याचा अर्थ सरळ ‘सगळे मारा’ असा होता. एका गावचा शब्द दुसऱ्या गावात वापरावा आणि लग्नघरी रडारड व्हावी, तसा प्रकार. शिवाय नावानं शोधताना आणखी एक फजिती होते. ‘विमा’ हा शब्द ज्या ज्या ओळीत आहे ती सगळी कामं शोधा म्हटलं, तर यादीत ‘विमा’ शोधण्याचं कामही येतं. चोर धरायला निघालेल्या हवालदाराला पहिली बेडी त्याच्याच हातात दिसावी, तसं.

दुसरी खूण आकार. मेमरीच्या रकान्यावर टिचकी मारली की टास्क मॅनेजर कामांची उतरंड खादाडपणानुसार लावून देतो. सगळ्यात जास्त मेमरी खाणारा सगळ्यात वर. आपल्याकडे पंगतीत जास्त जेवणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष असतंच, तो किती राबतो हे कुणी बघत नाही. वरच्या ओळीत बहुधा ब्राउझर असतो, आणि क्रोमसारखा ब्राउझर आपला संसार वेगवेगळ्या चुली मांडून करतो, म्हणजे टॅबगणिक साधारण वेगळी प्रक्रिया चालवतो. सगळ्यांत जास्त जेवणारी चूल कोणती? ज्या टॅबमध्ये तिसऱ्या पानापर्यंत भरलेला अर्ज आहे, सातबारा जोडलेला आहे, बँकेचं पासबुक चढवलेलं आहे आणि ओटीपी येऊन पडला आहे, ती. ती खाते, कारण तिच्यात माल आहे. चालक तिला मारतो. कॉम्प्युटर हलका होतो, शेतकरी जड होतो. “पुन्हा भरू की, त्यात काय!” असं चालक म्हणतो, शेतकरी खिशातला मोबाइल काढून नवा ओटीपी कधी येतो म्हणून रेंज असलेला कोपरा शोधत बाहेर जातो, आणि ओटीपी तो रस्ता ओलांडेपर्यंत कालबाह्य होतो. वजनाच्या काट्यावर कामाची गरज मोजली, की हेच व्हायचं.

तिसरी खूण मौन, आणि ती सगळ्यांत फसवी. काम काही बोलत नाही, हलत नाही, सीपीयूच्या रकान्यात शून्य दाखवतंय, म्हणजे ते मेलं, असं आपल्याला वाटतं. या खुणेचा फोलपणा समजायला कॉम्प्युटरची गरजच नाही, दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातल्या एखाद्या वस्तीवर गेलं तरी पुरे. घरामागून घरांना कुलपं. अंगणात कुत्रं नाही, चुलीला धूर नाही. बाहेरचा सर्वेक्षणवाला येतो, कुलूप बघतो आणि वहीत ‘घर बंद’ लिहून निघून जातो. पुढं कुणीतरी ती वही बघून म्हणतं, बंद आहे ना, मग नाव कमी करा. आता ते घर मेलेलं नसतं. ते कोयता घेऊन साखर कारखान्याच्या फडात, पाचटाच्या कोपीत राहायला गेलेलं असतं. कारखान्याचा पट्टा पडला, की उन्हाळ्याच्या तोंडाशी तेच कुलूप उघडतं आणि तीच चूल पेटते. कॉम्प्युटरमधली बहुसंख्य कामं अशीच असतात. कोणत्याही क्षणी यादीतली बहुतेक मंडळी झोपलेली असतात आणि कुणाची तरी हाक यायची वाट बघत असतात. प्रिंटर सांभाळणारा प्रिंटची वाट बघतो, अंगठ्याची सेवा अंगठ्याची वाट बघते. वाट बघणं हेच त्यांचं काम आहे. वॉचमन बसून राहतो म्हणून त्याला काढून टाकणाऱ्या मालकाला वॉचमन कशासाठी होता हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं.

मौनाबाबत विंडोजचा संयम तर बघा. एखादी खिडकी पाच सेकंद हाकेला ओ देत नाही, की विंडोज तिच्या कपाळावर ‘प्रतिसाद देत नाही’ असा शिक्का मारून मोकळं होतं. पाच सेकंद! बीडकरांना विचारा. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५ साली मंजूर झाला. त्यानंतर तो पाठीमागं चालू होता. कधी भूसंपादनावर अडकला, कधी पैशावर, कधी नुसताच अडकला. मंजुरीच्या वर्षी जन्मलेली पोरं शाळेत गेली, कॉलेजात गेली, नोकरीला लागली, त्यांची लग्नं झाली, मार्गाच्या कपाळावरचा शिक्का तसाच. अखेर १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडच्या स्टेशनातून अहिल्यानगरकडे गाडी सुटली. तीस वर्षांत कुणी एंड टास्क दाबलं असतं तर त्याला दोष देता आला नसता. पण त्यानं उखडलेले रूळ पुन्हा टाकायला आणखी तीस वर्षं लागली असती. म्हणून गप्प बसलेल्या कामाबद्दल निकाल देण्याआधी, ते कशाची वाट बघतंय हे विचारावं. ज्याची वाट बघतंय ते यायचं असेल, तर ते काम जिवंत आहे, मग त्याला कितीही उशीर होवो.

चौथी खूण वय. जुनं ते टाकाऊ. ही समजूत असणाऱ्याला बीड शहराबाहेरच्या खजाना विहिरीकाठी नेऊन उभं करावं. सोळाव्या शतकातली ही विहीर. जमिनीखालच्या वाटांनी तिच्यात पाणी येतं आणि जमिनीखालच्याच वाटेनं पुढं शेतीला जातं. दुष्काळातही ती तळ दाखवत नाही अशी तिची ख्याती. म्हणजे चारशेहून अधिक वर्षं चाललेली, डोळ्यांना न दिसणारी, शुद्ध पाठीमागची सेवा. ‘किती जुनं आहे हे, बुजवून टाका’ असं म्हणणाऱ्याला लोकांनी त्याच विहिरीत ढकललं नसतं, कारण पाणी खराब झालं असतं. कॉम्प्युटरचंही असंच. लिनक्समध्ये सर्वांत जुनं काम म्हणजे क्रमांक १. मशीन चालू झाल्यावर तोच आधी उठतो आणि बाकीच्यांना उठवतो. एखाद्या कामाचा बाप मध्येच मेला, तर त्या अनाथ लेकराला घरात घेणाराही साधारण हाच. म्हणून त्याच्यावर कुणी घरातूनच ‘मार’ असा हुकूम सोडला तरी लिनक्सचा गाभा, म्हणजे ‘कर्नल’, तो हुकूम त्याच्यापर्यंत पोचूच देत नाही. गावातल्या जुन्या म्हाताऱ्याला हात लावायला पुढं झालेल्या पोराचा हात भोवतीची माणसं वरच्यावर धरतात, तसं.

मग शिळं म्हणजे नक्की काय? तेही जवळून बघू, नाहीतर हा लेख कचऱ्याची बाजू घेतोय असा समज व्हायचा. पुन्हा त्याच दुकानात चला आणि प्रिंटरची रांग उघडा. सर्वांत वर एक कागद सकाळपासून ‘डिलीट होत आहे’ असं म्हणत बसलेला आहे. तो जातही नाही आणि छापतही नाही. त्याच्यामागं उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, कुणाचं तरी हॉल तिकीट. प्रिंट निघेना म्हणून प्रत्येकानं चालकाला पुन्हा प्रिंट द्यायला लावली आहे, त्यामुळे हॉल तिकीट आता चौदा वेळा रांगेत उभं आहे. पहिला कागद का अडला? कारण तो ज्या प्रिंटरकडे पाठवला होता तो प्रिंटर मागच्याच महिन्यात भंगारात गेला. यादीत नाव राहिलं, आणि त्याच नावाखाली नवा प्रिंटर बसला. म्हणजे पाठवणारा गिऱ्हाईक घरी गेला, घेणारा प्रिंटर भंगारवाल्याकडे गेला, आणि कागद मात्र मधल्या मध्ये ताटकळतोय. याला शिळं म्हणतात. असंच दुसरं उदाहरण म्हणजे ती एक्सेलची फाइल, जी उघडायला गेलं की ‘दुसऱ्या कुणीतरी उघडून ठेवली आहे’ असं सांगते. चालक दुकानभर ओरडतो, “कुणी उघडली रं फाइल?” पडद्यावर त्या दुसऱ्या कुणाचं नाव असतं ते त्याचंच. काल लाइट गेली तेव्हा लावलेली कडी आज आतून तशीच, आणि आत कुणीही नाही. ही कडी काढलीच पाहिजे. पण रांग साफ करताना तो ‘सगळे कागद रद्द करा’ दाबतो आणि भंगारातल्या एका कागदापायी बाकीच्या जिवंत कागदांचाही बळी देतो. त्यांची नावं कुणीच लिहून ठेवलेली नसतात, म्हणून पुन्हा सगळ्यांना विचारावं लागतं, “तुमचं काय होतं मामा?” मामा म्हणतात, “तुमच्याकडंच दिलं होतं की!”

आणि शिळेपणाचा सगळ्यांत मोठा अर्क कॉम्प्युटरच्याही आधीपासून आपल्याकडे आहे: सातबारा. युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ घराण्यात, ‘झोंबी’ नावाची एक अवस्था असते. काम मेलेलं असतं, ते काही खात नाही, काही करत नाही. फक्त यादीत त्याची ओळ उरते, कारण त्याच्या बापानं येऊन त्याचा शेवटचा हिशेब घेतलेला नसतो. गंमत म्हणजे झोंबीला मारता येत नाही. मेलेल्याला काय मारणार? आपल्या सातबाऱ्यावर असे कितीतरी आजोबा आहेत. जाऊन चाळीस वर्षं झाली. पण नाव पहिलं. नातवाला कर्ज मिळत नाही, विम्याचा अर्ज अडतो, अनुदान आजोबांच्या नावावर येऊन आजोबांचीच वाट बघतं. इथं कितीही जोरात बटण दाबून उपयोग नाही. वारसानं पुढं येऊन नोंद लावावी लागते. राज्य सरकारनं २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती यासाठीच. मग त्याच वर्षी ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर), ‘अ.पा.क.’, तगाई अशा कालबाह्य शेऱ्यांकडेही मोर्चा वळला. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालक कर्ता. पोरगं लहान होतं म्हणून पालकाचं नाव लागलं. ते पोरगं आता स्वतः आजोबा झालं, कवळी बसवली, तरी सातबाऱ्यावर अजून अज्ञानच आहे.

हे सातबाऱ्याचं प्रकरण इथं ओढून आणलं, कारण साफसफाई कशी करावी याचा धडा महसूल खात्याच्या कागदातच आहे. (महसूल खात्याकडून वेगाचा धडा कुणी घेऊ नये, सावधपणाचा घ्यावा.) नाव कमी करायचं असेल तर तलाठी आधी फेरफार नोंदवतो, हितसंबंधितांना नोटीस काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवस वाट बघतो, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आता योगायोग बघा. युनिक्समधला ‘किल’ हा आदेश, नाव एवढं रक्तबंबाळ असूनही, मुळात नोटीस बजावणारा शिपाई आहे. नुसतं ‘किल’ म्हटलं तर तो १५ नंबरची नोटीस देतो: बाबा, आवरतं घे. मग ते काम उघड्या फाइली मिटवतं, अर्धवट लिहिलेलं जपून ठेवतं, कडी काढतं आणि स्वतःहून जातं. ऐकलंच नाही, तर शेवटी ९ नंबर. त्याला हरकत घेता येत नाही, सामान आवरायला सवडही मिळत नाही. बुलडोझर थेट दारात. पंधरा दिवसांची नोटीस तिकडं, पंधरा नंबरची नोटीस इकडं. पण आपल्या अधीर मंडळींना १५ माहीतच नसतो. कुणीतरी एकदा सांगितलेलं ‘किल उणे नऊ’ ते पाढ्यासारखं पाठ करतात आणि जो भेटेल त्याला आधी नऊच मारतात. मग फाइल बिघडली की म्हणतात, सॉफ्टवेअर लई भंगार आहे.

तर पद्धत अशी. काम लावतानाच मशीन त्याला देतं तो क्रमांक वहीत टिपावा, आणि सोबत सुरू झाल्याची वेळही. वेळ कशाला? कारण क्रमांक पुन्हा वापरात येतात. जुन्या लिनक्समध्ये ते ३२७६८ च्या आतच फिरत राहायचे. संपले की पुन्हा खालून सुरू, मधले मोकळे झालेले वाटून. गुरांच्या कानातला बारा आकडी पिवळा बिल्ला त्या गुरासोबतच राहतो; कॉम्प्युटरमधला क्रमांक मात्र दवाखान्याच्या टोकनसारखा हातोहाती फिरतो. काल सतरा नंबरवाल्याचा दात काढायचा राहिला म्हणून आज सतरा नंबरवाल्याला खुर्चीत बसवलं, तर तो पाय मोडून आलेला असू शकतो. क्रमांक आणि वेळ दोन्ही जुळले, काम आपणच लावलेलं असलं, त्याची वाट बघणारं कुणी उरलं नसलं, तरच नोटीस द्यावी. मारण्याआधी नुसती यादी काढून वाचावी. एक मारावं, थांबावं, काही बंद पडलं का बघावं, मग दुसरं. आणि जे आपण लावलेलं नाही त्याला हात लावू नये. भावकीत दुसऱ्याच्या बांधावरची बाभळ तोडणाऱ्याचं पुढं काय होतं, हे तालुक्याच्या कोर्टात बसणाऱ्या कुठल्याही वकिलाला विचारा, तो आनंदानं सांगेल.

यावर पहिली हरकत ठरलेली: “एवढं कशाला? रीस्टार्ट मारायचा.” हरकतीत दम आहे. रीस्टार्ट न्यायी तरी असतो, सगळ्यांना सारखाच मारतो. पण त्यात तिसऱ्या पानावरचा अर्ज जातो, आणि जी शिळी कामं मशीन चालू होताच आपोआप उठतात ती पुन्हा उठून बसतात. शिवाय बरेच जण रीस्टार्ट म्हणून जे करतात ते ‘शटडाउन’ असतं. विंडोज आठपासून ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शटडाउननंतर विंडोजचा गाभा झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तसाच उठवला जातो. खराखुरा कोरा आरंभ ‘रीस्टार्ट’नंच मिळतो. म्हणजे ज्यानं रोज रात्री निष्ठेनं दिवा मालवला, त्याच्या घरात पाहुणा महिनाभर कोपऱ्यात घोरतच होता. दुसरी हरकत: “दारात पन्नास माणसं, आणि मी प्रत्येक ओळीची कुळकथा विचारत बसू?” वेळ वाचवायचाच असेल तर तो कुठं गेला ते बघा. अंगठा डोक्याला चोळणं, पदराला पुसणं, यंत्र काढून पुन्हा लावणं, दुसऱ्या बोटावर प्रयोग, मग ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’. आजीच्या एका फेरीचं एसटीचं तिकीट आणि बुडालेला रोज धरला, तर दोन प्रश्न विचारणं फार स्वस्त पडतं. तिसरी हरकत उलट बाजूनं येते: “मग काहीच मारू नये. चाललंय ते चालू द्यावं.” ही मंडळी घरातली प्लास्टिकची प्रत्येक पिशवी घडी घालून गादीखाली ठेवणारी. त्यांना चौदा हॉल तिकिटांच्या मागं उभं करावं.

सगळ्या खटल्यात दोषी चालक ठरतो, असंही नाही. ते पाठीमागचं काम लावून जो निघून गेला, नाव न लिहिता, वेळ न टिपता, जाताना कडी न काढता, तो खरा आरोपी. आणि तो कधीच दुकानात नसतो. चालकाच्या हातात फक्त झाडू असतो, वही कुणी दिलेलीच नसते. पण वही नसली तरी दुकानात माणसं असतात, आणि त्यांना विचारता येतं. आजी अंगठा चोळून चोळून थकली, की एकदा अंगठ्याकडे बघते, एकदा यंत्राकडे, आणि शेवटी चालकाकडे. “लेकरा, मागच्या बारीला याच अंगठ्यानं पैशे आले व्हते. अंगठा त्योच हाय.”

“मग मशीन बिघडली आसंल आज्जे.”

“बिघडली कामून आसंल? मघाशी तू ते पटापट काय बंद करीत व्हतास, त्यातलं ह्येचं काय व्हतं का, ते बघ की आधी.”